'बाहेर काढलं' हे इंग्रजीत कसं सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत 'काढून टाकलं' म्हटलं की भागतं. इंग्रजीत इतकी क्रियापदं कशाला?

मराठीतही एका शब्दावर भागत नाही, फक्त सवयीमुळे ते जाणवत नाही. खेळाडूला संघातून डच्चू मिळतो, कामगाराला नारळ मिळतो, अधिकाऱ्याची उचलबांगडी होते, गुंड तडीपार होतो, लिपिक बडतर्फ होतो, कुटुंब वाळीत पडतं आणि आगंतुकाला अर्धचंद्र मिळतो. यांची अदलाबदल करून पाहा. 'लिपिकाला तडीपार केलं' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, त्यानं गुन्हा कोणता केला? इंग्रजीतही नेमकं हेच होतं. 'एक्स्पेल', 'इव्हिक्ट', 'औस्ट', 'डिपोर्ट', 'डिसमिस' या सगळ्यांचा अर्थ शब्दकोशात 'बाहेर काढणे' असा दिसतो, पण प्रत्येकाचं घर वेगळं आहे.

शब्द निवडताना आधी विचारा, कुठून बाहेर? घरातून, संस्थेतून, पदावरून, देशातून, की एखाद्या नळीतून? मग विचारा, कोणत्या अधिकारानं? आणि शेवटी, परत येण्याची वाट उरली आहे का? निम्म्याहून अधिक चुका पहिल्याच प्रश्नावर सुटतात.

घरमालकानं भाडेकरूला बाहेर काढलं. 'एक्स्पेल' चालेल का?

नाही. घर, दुकान, जमीन यांचा ताबा सोडायला लावणं म्हणजे 'इव्हिक्ट'. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं जिंकणं आहे, 'व्हिक्टरी'मध्ये आहे तेच. दावा जिंकून ताबा मिळवणं हा त्याचा जुना अर्थ, म्हणून आजही त्याला कायदेशीर प्रक्रियेचा वास येतो. 'द फॅमिली वॉज इव्हिक्टेड' वाचल्यावर वाचक नोटीस, दावा, हुकूम असं काहीतरी गृहीत धरतो. मालकानं रात्री कुलूप बदलून सामान जिन्यात टाकलं असेल, तर 'थ्रू देम आउट' किंवा 'लॉक्ड देम आउट' लिहा. तिथे 'इव्हिक्टेड' लिहिलं तर बेकायदा कृत्याला नकळत कायद्याचं कवच मिळतं. बातमी लिहिणाऱ्यानं इथे फार जपायला हवं.

'इजेक्टमेंट' हा त्याच कामाचा जुना न्यायालयीन शब्द. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ च्या शीर्षकात तो आजही आहे. पण 'इजेक्टेड द टेनंट' असं क्रियापद रोजच्या इंग्रजीत वापरू नका. ते ऐकताना भाडेकरूला उचलून फेकल्याचं चित्र उभं राहतं.

आणखी एक बारकावा महाराष्ट्रात रोज लागतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्यानं 'टेनंट' नसतो, 'लायसन्सी' असतो. मुदत संपूनही त्यानं जागा सोडली नाही, तर मालक याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि लायसन्सीला लायसन्स शुल्काच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यावी लागते. अर्जात किंवा पत्रात त्याला 'टेनंट' म्हटलंत, तर तुम्हीच त्याचा हक्क वाढवून दाखवलात असा अर्थ समोरचा वकील काढू शकतो.

मग फुटपाथवरच्या झोपड्या हटवल्या, तिथेही 'इव्हिक्ट'च का?

हो. मालकी नसली तरी राहण्याचा ताबा असतो आणि 'इव्हिक्ट' ताब्याशी जोडलेला आहे. मुंबईतल्या पदपथावरच्या रहिवाशांचा ओल्गा टेलिस खटला, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये दिला, तो 'इव्हिक्शन'चाच खटला म्हणून ओळखला जातो. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे त्यातून प्रस्थापित झालं. झोपडी पाडली, यासाठी मात्र 'डिमॉलिश'. माणसं 'इव्हिक्ट' होतात, बांधकाम 'डिमॉलिश' होतं. 'द हट्स वेअर इव्हिक्टेड' हे वाक्य चूक आहे.

कुळाला जमिनीवरून बेदखल करणं?

'डिस्पझेस' किंवा 'इव्हिक्ट', दोन्ही चालतं. 'डिस्पझेस'मध्ये हातातलं हिरावलं गेल्याचा भाव जास्त आहे आणि त्याच्यामागे 'ऑफ' येतं: 'डिस्पझेस्ड ऑफ देअर लँड'. 'इव्हिक्ट'मागे 'फ्रॉम'. कूळकायद्यावर लिहिताना काळ लक्षात ठेवा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर बहुतेक कुळं कायद्यानं मालक मानली गेली. त्या आधीच्या बेदखलीला 'इव्हिक्शन ऑफ टेनंट्स' म्हणता येतं, नंतरच्या तशाच घटनेत तो माणूस 'टेनंट' होता का, हाच वादाचा मुद्दा असू शकतो.

'एक्स्पेल' नेमकं कुठे?

जिथे सदस्यत्व आहे तिथे. शाळा, पक्ष, क्लब, संघटना, सभागृह. सदस्यत्व संपलं, नाव यादीतून गेलं, की 'एक्स्पेल्ड'. शाळेनं पंधरा दिवस घरी बसवलं तर ते 'सस्पेंड', कारण नाव पटावर आहे.

हा फरक किती मोलाचा आहे हे महाराष्ट्र विधानसभेतच दिसलं. जुलै २०२१ मध्ये १२ आमदारांना एक वर्षासाठी 'सस्पेंड' केलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठराव रद्द करताना म्हटलं, की असं लांब निलंबन 'एक्स्पल्शन'पेक्षाही वाईट आहे. कारण सरळ आहे. आमदार 'एक्स्पेल' झाला तर जागा रिकामी होते, पोटनिवडणूक लागते, मतदारांना नवा प्रतिनिधी मिळतो. वर्षभर 'सस्पेंड' झाला तर जागा भरलेली दिसते आणि मतदारसंघ मुका राहतो. याउलट डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदार खरोखर 'एक्स्पेल' झाले आणि ती कारवाई २००७ मध्ये न्यायालयात टिकली. अनुवाद करताना पहिल्याला 'निलंबन' आणि दुसऱ्याला 'बडतर्फी' किंवा 'निष्कासन' लिहा. दोन्हींना 'हकालपट्टी' लिहिलं तर सगळा मुद्दाच बुडतो.

पक्षांतराच्या बातमीत तिसरा शब्द येतो, 'डिस्क्वॉलिफाय'. तो घटनेच्या दहाव्या अनुसूचीचा शब्द, अर्थ अपात्र ठरवणं. पक्ष 'एक्स्पेल' करतो, सभागृहाचे अध्यक्ष 'डिस्क्वॉलिफाय' करतात. पक्षातून काढलं म्हणून आमदारकी आपोआप जात नाही.

'रस्टिकेट' म्हणजे काय? परदेशी मित्रांना तो शब्द कळत नाही.

लॅटिनमध्ये 'रस' म्हणजे खेडेगाव. विद्यार्थ्याला विद्यापीठातून काही काळ गावाकडे पाठवणं म्हणजे 'रस्टिकेट'. ऑक्सफर्ड, केंब्रिजहून तो आपल्या विद्यापीठांच्या नियमांत आला आणि इथे तो जोमात आहे. अमेरिकेत तो जवळजवळ कोणी वापरत नाही. तिकडच्या अर्जात 'सस्पेंडेड फॉर टू सेमिस्टर्स' असं मुदतीसह लिहा. परीक्षेला बसू दिलं नाही, तर 'डिबार्ड फ्रॉम द एक्झाम'.

'डिबार' आणि 'डिस्बार' एकच ना?

एक अक्षर बदललं की माणसाचं करिअर बदलतं. 'डिबार' म्हणजे मनाई, कुणालाही, कशालाही. 'डिस्बार' फक्त वकिलाला, सनद काढून घेणं. गांधीजींना लंडनच्या इनर टेंपलनं १९२२ मध्ये 'डिस्बार' केलं आणि १९८८ मध्ये त्यांचं नाव परत घेतलं. भूतकाळात दोन्हींमध्ये आर दुप्पट होतो.

नोकरीवरून काढलं. इथे सगळ्यात गोंधळ होतो.

खरंच होतो, आणि इथे चुकीचा शब्द पैशाला लागतो. म्हणून जरा सविस्तर.

बोलण्यात अमेरिकी 'फायर', ब्रिटिश 'सॅक'. दोन्ही अनौपचारिक, दोन्हींत दोष कर्मचाऱ्याचा आहे असा सूर. औपचारिक शब्द 'डिसमिस'. 'टर्मिनेट' हा करार संपवण्याचा शब्द आहे, त्यात दोष असेल किंवा नसेल. 'हर सर्व्हिसेस वेअर टर्मिनेटेड' बरोबर, 'शी वॉज टर्मिनेटेड' अमेरिकी कार्यालयात चालतं, पण कागदावर आधीचं बरं. 'लेट गो' हा सौम्य शब्द. समोर बसलेल्या माणसाला निरोप सांगताना तो ठीक आहे, चौकशी अहवालात तो धूसर वाटतो.

दोष नसताना, काम नाही म्हणून काढलं, तर ब्रिटनमध्ये 'मेड रिडंडंट', अमेरिकेत 'लेड ऑफ'. आणि इथे भारतीय वाचकासाठी खड्डा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेल्या व्याख्येत 'ले-ऑफ' म्हणजे नोकरी जाणं नव्हेच. कच्चा माल, वीज, कोळसा नाही, यंत्र बंद पडलं, म्हणून मालक काही काळ काम देऊ शकत नाही. कामगाराचं नाव हजेरीपटावर राहतं आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कायमची कपात म्हणजे 'रिट्रेंचमेंट'. त्यात एक महिन्याची नोटीस किंवा त्याबदल्यात पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन. हिंजवडीतली कंपनी ईमेलमध्ये 'ले-ऑफ' लिहिते तेव्हा तिला अमेरिकी अर्थ हवा असतो. चाकणच्या कारखान्याच्या फलकावर 'ले-ऑफ' दिसतं तेव्हा कायद्यातला. कागद हातात आला की शब्दावर थांबू नका, नाव पटावर आहे का ते विचारा.

सरकारी नोकरीत आणखी एक जोडी आहे, 'रिमूव्हल' आणि 'डिसमिसल'. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये दोन्ही वेगवेगळ्या शिक्षा आहेत. 'रिमूव्हल', म्हणजे सेवेतून काढून टाकणं, झाल्यावर पुढे सरकारी नोकरीचं दार कायद्यानं बंद होत नाही. 'डिसमिसल', म्हणजे बडतर्फी, झाल्यावर सर्वसाधारणपणे होतं. आदेशाचा इंग्रजी अनुवाद करताना 'सेवेतून काढून टाकण्यात येत आहे' याला 'डिसमिस्ड' लिहिणं ही भाषेची बारीक चूक नाही. त्या माणसाची शिक्षा तुम्ही वाढवून ठेवली.

'डिसमिस' क्रिकेटमध्ये फलंदाजालाही वापरतात. ते कसं?

बाद होणं म्हणजे 'डिसमिस्ड'. तिथे शिक्षेचा भाव नाही, निरोपाचा आहे. 'क्लास डिसमिस्ड' म्हणजे वर्ग सुटला, तसंच. न्यायालयात अर्ज 'डिसमिस' होतो म्हणजे फेटाळला जातो. फुटबॉलमध्ये लाल कार्ड दाखवलं की 'सेंट ऑफ'. निवड समितीनं डच्चू दिला तर 'ड्रॉप्ड', 'रिमूव्ह्ड' लिहू नका.

सत्तेवरून खाली खेचलं यासाठी 'औस्ट', 'डिपोज', 'अनसीट' यांत फरक काय?

'औस्ट' हे वर्तमानपत्रांचं लाडकं, कारण मथळ्यात मावतं. पद, सत्ता, अध्यक्षपद यावरून कुणी ढकललं, की 'औस्टेड'. कसं ढकललं ते तो शब्द सांगत नाही, मतदानानं, बंडानं, संचालक मंडळाच्या ठरावानं, काहीही. उच्चार 'आऊट'मधला स्वर ठेवून करा. 'ऑस्ट' किंवा 'ऊस्ट' नको. नाम 'औस्टर', आणि ते व्यक्तीचं नाम नाही, घटनेचं आहे. 'द औस्टर ऑफ द चेअरमन' म्हणजे अध्यक्षाची हकालपट्टी, हकालणारा माणूस नव्हे. भारतीय आणि अमेरिकी वर्तमानपत्रांत हे नाम सर्रास दिसतं.

'डिपोज' म्हणजे राजा किंवा हुकूमशहा पदच्युत करणं. नगराध्यक्षाला 'डिपोज' केलं लिहिलं तर उगाच मुकुट चढतो. याचं नाम 'डेपझिशन' आहे आणि त्याचा दुसरा अर्थ शपथेवरची जबानी. न्यायालयीन मजकुरात बहुतेक वेळा दुसराच अर्थ असतो.

'अनसीट' म्हणजे निवडून आलेल्याची जागा जाणं, पराभवानं किंवा न्यायालयाच्या निकालानं. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली, त्यासाठी 'अनसीटेड' हाच नेमका शब्द.

आणि 'इंपीच'. हा काढून टाकणं नव्हे. हा आरोप ठेवून खटला चालवणं. अमेरिकेत अध्यक्ष 'इंपीच' होऊनही पदावर राहिल्याची उदाहरणं आहेत. आपल्या घटनेत राष्ट्रपतींसाठी अनुच्छेद ६१ मध्ये 'इंपीचमेंट' आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी अनुच्छेद १२४ मध्ये शब्द 'रिमूव्ह' आहे. बोलताना सगळे न्यायाधीशांच्या बाबतीतही 'इंपीच' म्हणतात. उत्तरपत्रिकेत घटनेचा शब्द लिहा.

देशाबाहेर घालवणं: 'डिपोर्ट', 'एक्स्ट्रडाइट', 'एक्झाइल', 'बॅनिश'. एकदा नीट समजावून सांगा.

'डिपोर्ट' करणारा देश स्वतःसाठी करतो. व्हिसा संपला, कागद खोटे निघाले, इथे राहायचा हक्क नाही, जा. 'एक्स्ट्रडाइट' करणारा देश दुसऱ्यासाठी करतो. त्या दुसऱ्या देशानं खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी माणूस मागितलेला असतो, मागे करार आणि न्यायालय असतं आणि बहुधा अटीही असतात. अबू सालेमला पोर्तुगालनं नोव्हेंबर २००५ मध्ये भारताच्या हवाली केलं, ते 'एक्स्ट्रडिशन'. फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, अशी हमी भारतानं आधी दिली होती. 'डिपोर्ट' केलेल्या माणसाबाबत अशी हमी कुणी मागत बसत नाही. म्हणून बातमीत एकाच्या जागी दुसरा शब्द पडला, तर पुढच्या खटल्याचा अर्थच बदलतो.

'एक्झाइल' आणि 'बॅनिश' राजेरजवाड्यांच्या काळातले. 'बॅनिश'मध्ये फर्मान आहे, 'जा, या हद्दीत दिसू नकोस'. 'एक्झाइल'मध्ये दूर राहण्याची अवस्था आहे, म्हणून तो नाम म्हणूनही येतो आणि माणूस स्वतःहूनही पत्करू शकतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं उदाहरण यासाठी उत्तम. इंग्रजांनी त्याला १८८५ मध्ये 'डिपोज' केलं, म्हणजे सिंहासन गेलं, आणि मग रत्नागिरीला 'एक्झाइल' केलं, म्हणजे देश गेला. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळी क्रियापदं. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधून झालेला राजवाडा रत्नागिरीत आजही उभा आहे, आणि १९१६ मध्ये त्याच गावात तो वारला.

मंडालेच्या बाबतीत शब्द आणखी जपून लिहा. लाला लजपतराय १९०७ मध्ये आणि लोकमान्य टिळक १९०८ मध्ये, दोघेही मंडालेला पाठवले गेले. पण लजपतरायांना खटला न चालवता, १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली 'डिपोर्ट' केलं होतं. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना सहा वर्षांच्या 'ट्रान्स्पोर्टेशन'ची शिक्षा झाली. मराठीत दोन्हींना 'हद्दपारी' किंवा 'काळं पाणी' म्हटलं जातं. इंग्रजीत एकाला सरकारचा हुकूम आणि दुसऱ्याला न्यायालयाची शिक्षा, असं लगेच वेगळं दिसतं. भारतीय दंड संहितेतून 'ट्रान्स्पोर्टेशन फॉर लाइफ' १९५५ च्या दुरुस्तीनं गेलं आणि तिथे जन्मठेप आली. त्यानंतरच्या खटल्यात तो शब्द दिसला, तर कुणीतरी जुना नमुना उतरवला आहे असं समजा.

तडीपारीला इंग्रजीत काय? शब्दकोश 'एक्झाइल' सांगतो.

'एक्स्टर्न', नाम 'एक्स्टर्नमेंट'. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ ची कलमं ५५, ५६ आणि ५७ याच कारवाईची आहेत आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. माणूस देशातच राहतो, फक्त ठरलेल्या जिल्ह्यांत पाऊल टाकू शकत नाही. हा आपल्याकडचा पोलिसी शब्द आहे. लंडनच्या वाचकाला 'एक्स्टर्न्ड' म्हटलं तर टंकलेखनाची चूक वाटेल. त्याच्यासाठी 'बार्ड फ्रॉम एंटरिंग पुणे डिस्ट्रिक्ट फॉर टू इयर्स' असं उलगडून लिहा. पुणे, सातारा अशी जिल्ह्यांची नावं आदेशात असतील तेवढी सगळी द्या. एकच दिलं तर तपशील अर्धा राहतो.

धरणग्रस्तांसाठी 'डिस्प्लेस्ड', 'औस्टी', 'इव्हॅक्युएटेड', कोणता?

धरणामुळे, खाणीमुळे, युद्धामुळे मुळातून हलावं लागलं तर 'डिस्प्लेस्ड'. कुणी काढलं त्यापेक्षा जागा सुटली याला महत्त्व. पाण्यात वस्तू बुडवली की तिच्या आकाराएवढं पाणी बाजूला सरतं, तेही 'डिस्प्लेस'च, आणि मोटारसायकलच्या इंजिनाचे सीसी म्हणजे 'डिस्प्लेसमेंट'. एकाच्या येण्यानं दुसऱ्याची जागा जाणं, हा गाभा दोन्हीकडे एकच.

'औस्टी' हा खास भारतीय सरकारी शब्द. नर्मदा पाणीवाटप लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात त्याची व्याख्याच आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली आणि सातपुड्यातल्या त्या कुटुंबांना कोणती जमीन मिळायची हे त्या व्याख्येत बसण्यावर अवलंबून होतं. म्हणून कागदपत्रांतला 'औस्टी' बदलून 'डिस्प्लेस्ड पर्सन' करू नका. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा 'प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन', म्हणजे प्रकल्पग्रस्त, म्हणतो. हा शब्द अधिक रुंद आहे, त्यात घर न बुडता फक्त शेत गेलेला माणूसही येतो.

'इव्हॅक्युएट'मध्ये वैर नाही, सुटका आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर, सांगलीतून लोक 'इव्हॅक्युएट' झाले. परतणं गृहीत असतं. इमारतही 'इव्हॅक्युएट' होते, माणसंही. बुडित गावाबद्दल सरकारी पत्रकात 'इव्हॅक्युएटेड' वाचलं तर जरा थांबून पाहा. लोक परत जाणार नसतील, तर शब्द चुकला आहे.

वाळीत टाकणं?

धर्मसंस्थेनं केलं तर 'एक्सकम्युनिकेट'. समाजानं बोलणंचालणं तोडलं तर 'ऑस्ट्रसाइझ'. देवाणघेवाण, दुकान, पाणी, लग्नकार्य ठरवून बंद केलं तर 'सोशल बॉयकॉट', आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याचा शब्द हाच आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तक्रार इंग्रजीत लिहायची तर 'ऑस्ट्रसाइझ्ड' न लिहिता कायद्याचा शब्द वापरा आणि कोणतं पाणी, कोणतं दुकान, कोणता अंत्यविधी ते एकेक लिहा.

'ऑस्ट्रसाइझ' आणि 'बॉयकॉट' या दोन्ही शब्दांच्या जन्मकथा सांगण्यासारख्या आहेत. अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यावर नाव खरडून मत देत, आणि ज्याच्या वाट्याला निर्वासन येई तो दहा वर्षं शहराबाहेर जाई. त्याची मालमत्ता शाबूत राही, परत आल्यावर हक्कही राहत. त्या खापरावरून 'ऑस्ट्रसाइझ'. 'बॉयकॉट' हे माणसाचं आडनाव आहे. आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी असलेल्या चार्ल्स बॉयकॉटनं १८८० मध्ये कुळांवर 'इव्हिक्शन'च्या नोटिसा काढल्या, आणि गावानं त्याचं काम, दुकान, टपाल सगळं बंद पाडलं. एका बेदखलीतून दुसऱ्या बहिष्काराचा शब्द जन्मला.

हवा, पाणी, अडकलेला तुकडा यांच्यासाठी कोणती क्रियापदं?

इथे अधिकाराचा प्रश्न उरत नाही, दाब आणि वाट पाहायची.

आतून दाबून बाहेर, तर 'एक्स्पेल'. सुई वर धरून, सिरिंजला टिचकी मारून, दट्ट्या हलका दाबून हवा घालवतात: 'एक्स्पेल द एअर'. झटक्यात, एका तुकड्यात बाहेर, तर 'इजेक्ट'. साच्यातून तयार भाग ढकलणाऱ्या पिनला कारखान्यात 'इजेक्टर पिन'च म्हणतात आणि प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला दिसणारे छोटे गोल डाग तिचेच. वैमानिक स्वतः उडी घेतो तेव्हा 'द पायलट इजेक्टेड', कर्मणी नको. 'वॉज इजेक्टेड' म्हटलं तर तो अपघातात फेकला गेला असं वाटतं.

साच्याच्या भोकातून दाबून लांब आकार काढला, तर 'एक्स्ट्रूड'. सोऱ्यातून चकली येते ती 'एक्स्ट्रूड' होऊनच. रंग बदलण्याआधी यंत्रातला जुना प्लॅस्टिक रस नव्या मालानं ढकलून काढतात ते 'पर्ज'. ते अर्धवट राहिलं की नव्या रंगात जुन्याच्या रेघा येतात. राजकारणात पक्षातून विरोधक साफ करण्यालाही 'पर्ज' म्हणतात, आणि त्यात घाण धुवून काढल्याचा काढणाऱ्याचा दावा दडलेला असतो, म्हणून बातमीत तो शब्द जपून वापरा.

ब्रेकच्या नळीतली हवा काढणं 'ब्लीड'. पेडल दाबलेलं असताना निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचा, बुडबुड्यांसह तेल येऊ द्यायचं, निपल बंद करून मगच पेडल सोडायचं. क्रम उलटला तर हवा परत आत जाते आणि पेडल मऊ लागतं. 'ब्लीड द ब्रेक्स' म्हणतात, 'ब्लीड आउट द ब्रेक्स' नाही.

अडकलेली वस्तू जागची हलवणं 'डिसलॉज'. घशात घास अडकला की पाठीवरच्या थापांनी तो 'डिसलॉज' होतो, खोकल्यानं 'एक्स्पेल' होतो. 'डिसलॉज' म्हणजे सुटला, बाहेर आलाच असं नाही.

'थ्रो आउट हिम' की 'थ्रो हिम आउट'?

'थ्रो हिम आउट'. सर्वनाम नेहमी मध्ये. 'थ्रो द टेनंट आउट' आणि 'थ्रो आउट द टेनंट' दोन्ही चालतात. 'किक आउट', 'ड्राइव्ह आउट', 'फोर्स आउट', 'फ्लश आउट' यांनाही हाच नियम. जागा सांगायची तर 'ऑफ' जोडा: 'किक्ड हिम आउट ऑफ द हाउस'.

याच गटात काही क्रियापदं चित्रासकट येतात. 'स्मोक आउट' म्हणजे धुरी देऊन मधमाश्या उठवणं, त्यावरून लपलेल्याला बाहेर यायला लावणं. 'वीड आउट' म्हणजे खुरपणी, नको ते वेचून काढणं. 'हाउंड आउट' म्हणजे कुत्री मागे लावल्यासारखं छळून घालवणं, आणि यात दोष स्पष्टपणे छळणाऱ्यावर येतो. 'फ्रीझ आउट' म्हणजे थंडपणे दुर्लक्ष करून माणसाला आपणहून जायला लावणं.

'एक्स्पेल्ड आउट फ्रॉम' चूक का?

'एक्स'मध्येच 'बाहेर' आहे. 'एक्स्पेल', 'इजेक्ट', 'इव्हिक्ट' यांच्यामागे नुसतं 'फ्रॉम'. 'बाहेर हाकलून बाहेर काढला' असं मराठीत आपण लिहीत नाही, तसंच.

'एक्स्पेल' आणि 'डिस्पेल'मध्ये नेहमी घोळ होतो.

दोन्हींत ढकलणं आहे, पण 'डिस्पेल' चहूबाजूंना पांगवतं. अफवा, भीती, गैरसमज, धुकं 'डिस्पेल' होतात, आणि अफवा 'एक्स्पेल' होत नाही. याच घरातले 'रिपेल' परतवून लावतं, 'कंपेल' भाग पाडतं, 'प्रपेल' पुढे ढकलतं. सगळ्यांचं स्पेलिंग एकाच नियमानं चालतं: मूळ शब्दात शेवटी एक एल, 'एड' किंवा 'इंग' लागलं की दोन, आणि 'एक्स्पल्शन'मध्ये पुन्हा एक. 'डिपोर्ट'चं नाम 'डिपोर्टेशन'. 'डिपोर्टमेंट' हा वेगळाच शब्द, उठण्याबसण्याची ढब, वर्तन.

सभागृहाच्या कामकाजातून शब्द काढून टाकतात त्याला?

'एक्स्पंज'. लोकसभेच्या नियम ३८० मध्ये हाच शब्द आहे. जुन्या हस्तलिखितांत रद्द करायच्या अक्षरांखाली टिंबं टोचत, त्यावरून आला. माणूस 'एक्स्पंज' होत नाही, नोंद होते.

माणसाकडून पैसे किंवा कबुली बाहेर काढणं?

धमकी देऊन पैसे काढले तर 'एक्स्टॉर्ट', म्हणजे खंडणी. कबुली, माहिती, वचन जोर लावून काढलं तर 'एक्स्ट्रॅक्ट'. कपडा पिळल्यासारखं कष्टानं काढलं तर 'रिंग आउट ऑफ', आणि त्यातला डब्ल्यू लिहायचा, उच्चारायचा नाही. या सगळ्यांची मांडणी उलटी असते: कर्म वस्तू, आणि माणूस 'फ्रॉम'मागे. 'दे एक्स्टॉर्टेड मनी फ्रॉम हिम'. 'दे एक्स्टॉर्टेड हिम' असं अनौपचारिक बोलण्यात कानावर पडतं, पण फिर्यादीत लिहू नका.

'क्विट इंडिया'तला 'क्विट' याच गटातला का?

नाही. 'क्विट' म्हणजे स्वतः सोडून जाणं. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावरच्या ठरावानंतर तो आज्ञा म्हणून इंग्रजांना उद्देशून घुमला: तुम्ही निघा. मराठीतलं 'चले जाव' तंतोतंत तेच करतं. भाडेकराराच्या कायद्यात 'नोटीस टू क्विट' असते तिचाही अर्थ हाच, तुम्ही आपणहून जागा सोडा अशी सूचना. ती पाळली नाही की पुढची पायरी 'इव्हिक्शन'. म्हणून पत्र लिहिताना आधी 'क्विट' लिहा. पहिल्याच पत्रात 'वी हॅव इव्हिक्टेड यू' लिहिलं, तर जे अजून घडलेलंच नाही ते तुम्ही घडलं म्हणून सांगता.